हलत्या बाउंड्रीची मेश: या चुका टाळा

प्रवाहाचं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करताना जागेचे बारीक तुकडे (सेल) पाडतात, त्यांची जाळी म्हणजे मेश, आणि आतली वस्तू हलली की मेशही हलवावी लागते. सॉफ्टवेअर ओपनफोम असो की फ्लुएंट, निगेटिव्ह सेल व्हॉल्यूमची, म्हणजे सेल दबून उलटा झाल्याची, एरर आली की सगळे आधी टाइम स्टेपच्या (एका पायरीत किती वेळ पुढे जायचं त्याच्या) मागे लागतात, निम्मा करा, परत निम्मा करा, रात्रभर रन लावून झोपा आणि सकाळी बघावं तर एरर तिथेच. येणारच ना! समजा हलणारी वस्तू बोट आहे, ती जेवढी खाली यायची तेवढी येणारच, तळाखालच्या सेल्सना तेवढंच दबायचंय, मग 10 स्टेपमध्ये दबोत नाहीतर 1000.

आपली गोव्यातली रायबंदर-चोडणची फेरीबोटच घ्या. धक्क्याला लागताना पाणी उथळ, तळाखाली फट कमी, त्यात बोट वरखाली होतेय. इथे डिफ्युजिव्हिटी (बोटीची हालचाल आतल्या सेल्समध्ये कशी वाटायची ते ठरवणारा आकडा) सगळीकडे युनिफॉर्म ठेवली की हुलला (बोटीच्या बाहेरच्या भिंतीला) चिकटलेले बारीक लेयर आधी चिरडतात. इन्व्हर्स डिस्टन्स लावा, म्हणजे हुलपासून लांब जाताना ती कमी होते, क्वाड्रॅटिक (अंतराच्या वर्गाने कमी होणारी) असेल तर उत्तम, मग हुलजवळचे सेल बोटीबरोबर जसेच्या तसे सरकतात आणि ताण लांबच्या मोठ्या सेल्सवर जातो. पण फटच एवढीशी असेल तर लांबचे सेल आणणार कुठून? तिथे ओव्हरसेट (बोटीची वेगळी मेश मागच्या मेशवर ठेवून सरकवणं) बघा, आणि त्यातही फटीत मोजके का होईना सेल लागतातच, नाहीतर ऑर्फन सेल (ज्यांना दुसऱ्या मेशवरून किंमत मिळत नाही असे) डोकं खातात.

फ्लो सोडवायच्या आधी नुसती मेश हलवून बघायचा मात्र सगळ्यांना कंटाळा. ओपनफोमला मूव्ह-डायनॅमिक-मेश आहे, फ्लुएंटला प्रिव्ह्यू आहे. बोटीची हालचाल सॉल्व्हरच (फ्लो सोडवणारा प्रोग्रॅम) ठरवणार असेल तर जास्तीत जास्त जेवढी अपेक्षित तेवढी साइन मोशन देऊन बघा, मेश कुठे मोडते ते लगेच कळतं.

ओपनफोमवाल्यांनी हलत्या भिंतीवर साधं नो-स्लिप (भिंतीवर वेग शून्य) ठेवू नये, मूव्हिंग-वॉल-व्हेलॉसिटी लावा. नाहीतर भिंत हलते पण तिथला वेग शून्यच, आणि पाणी हुलमधून आरपार जातं. एरर येत नाही, म्हणून हे जास्त वाईट.

रीमेशिंग (सेल बिघडले की तिथे नवी मेश पाडणं) चालू असेल तर फोर्सचा ग्राफ उघडा. बरोबर रीमेशच्या स्टेपलाच टोकं दिसत असतील तर ती जुन्या मेशवरून नव्या मेशवर केलेल्या इंटरपोलेशनची (किमती उतरवून घेण्याची), लाटांची नव्हेत, ती फिल्टर मारून लपवू नका.

स्वतः कोड लिहिणाऱ्यांनी एक टेस्ट कराच: सगळीकडे एकसारखा फ्लो द्या, आतले पॉइंट्स वाटेल तसे हलवा, वेग राउंड-ऑफच्या (कॉम्प्युटर आकडे कापतो त्या चुकीच्या) पलीकडे बदलला तर जिऑमेट्रिक कॉन्झर्वेशन लॉ (नुसती मेश हलल्याने फ्लो बदलता कामा नये हा नियम) मोडलाय. सेलच्या फेसने (बाजूने) स्टेपमध्ये पार केलेलं व्हॉल्यूम आणि फ्लक्समधला (फेसमधून किती वाहतं त्या हिशोबातला) मेशचा वेग जुळत नाहीत, आधी तिथे बघा.