काळ्या काचांवरून गाडी अडवली, तर

चंद्रपूर, ब्रम्हपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून जो तो काचांना फिल्म लावून घेतो. पण वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. जिल्ह्याच्या सीमेवरच्या नाक्यावर आतलं न दिसणारी गाडी आधी अडते, त्यात नवल नाही.

पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड पार झाला पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियम 100 मधलं माप. ते कंपनीच्या काचेसाठी आहे. वरून चिकटवलेली फिल्म सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये बंद केली, मग ती कितीही फिकट असो. त्यामुळे ‘साहेब, 50 टक्केवाली आहे’ हे नाक्यावर चालत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये मापात बसणाऱ्या फिल्मच्या बाजूने निकाल दिला, त्याचे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. तो वाद कोर्टात घालायचा, हवालदारासमोर नाही. सूट आहे ती झेड आणि झेड प्लस सुरक्षेला. तालुकाध्यक्षाच्या स्टिकरला नाही.

हात दाखवला की इंडिकेटर देऊन साइडपट्टीवर थांबा आणि चारही काचा खाली करा. रात्री आतला दिवा लावा. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमध्ये दाखवता येतं, पण मेळघाटात रेंज नसते आणि स्क्रीनशॉट मानत नाहीत. मूळ कागद गाडीत असू द्या. काच कंपनीचीच रंगीत असेल तर कोपऱ्यातला कोरलेला आयएसआय शिक्का दाखवा आणि नखाने कड उकरून फिल्म नाही हे पटवून द्या.

दंड पहिल्यांदा 500, पुन्हा सापडलात तर 1500 रुपये. पावतीशिवाय रोख देऊ नका. ई-चालानचा मेसेज आरसीला जोडलेल्या नंबरवर जातो. गाडी सेकंडहँड असेल तर तो बहुतेक वेळा जुन्या मालकाला जातो आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चालान साइटवर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून अधूनमधून बघत जा, आणि आरसीवरचा मोबाइल नंबर बदलून घ्या.

पोलीस फिल्म जागेवर उतरवायला लावू शकतात. मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काच गरम करून धुकं-वाफ घालवणाऱ्या) बारीक तारा असतील तर ब्लेड लावू देऊ नका, एक तार तुटली की तेवढी पट्टी गरम होत नाही. ‘मी स्वतः काढतो’ म्हणा. खरं तर घरीच काढलेली बरी. दुपारी काच उन्हात तासभर तापू द्या. बाजूची काच इंचभर खाली करा, म्हणजे फिल्मची वरची कड मोकळी होते. तिथून नखाने धरून हळू, एकसारखी ओढा. झटका दिला की फिल्म फाटते आणि गोंद काचेवरच राहतो. मागची फिल्म तारांच्या दिशेने, आडवीच सोलायची. जांभळी पडलेली स्वस्त फिल्म थरांत सुटते, तिथे वेळ जातो. गोंदावर साबणाचं पाणी मारून जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. उरलाच तर कापडावर थोडं स्पिरिट घ्या, रबराच्या कडेला लागू देऊ नका. उन्हासाठी जाळीचे सनशेड गाडी उभी असतानाच लावा, चालवताना उतरवा.