सापळ्यांची ओळ कशी चालवावी: न्यूझीलंडच्या जंगलांतील स्वयंसेवकांसाठी

वटवाघळे वगळली तर न्यूझीलंडच्या भूमीवर मूळचा एकही भूचर सस्तन प्राणी नाही. तिथल्या पक्ष्यांनी लक्षावधी वर्षे आकाशातून झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांचेच भय बाळगले. जमिनीवरून वास काढत येणारा शत्रू त्यांनी पाहिलाच नव्हता. धोका जाणवताच निश्चल उभे राहणे, जमिनीवर किंवा झाडाच्या ढोलीत अंडी घालणे या त्यांच्या सवयी पूर्वी तारक होत्या, आणि उंदीर, स्टोट व पॉसम आल्यावर त्याच घातक ठरल्या. उंदीर बोटींतून आले, पॉसम हे झाडांवर चढणारे, पिल्लांना पोटाच्या पिशवीत वाढवणारे प्राणी 19 व्या शतकात फरच्या व्यापारासाठी ऑस्ट्रेलियातून आणले गेले, तर मुंगसासारख्या लांबट बांध्याचे स्टोट, वीझल आणि फेरेट सशांचा बंदोबस्त करण्यासाठी 1880 च्या दशकात मुद्दाम सोडण्यात आले. त्याची किंमत किती वेगाने मोजावी लागते हे 1964 च्या सुमारास बिग साउथ केप बेटावर दिसले. तिथे जहाजी उंदरांचा सुळसुळाट झाला आणि बुश रेन व स्नाइप या पक्ष्यांच्या तिथल्या उपजाती, तसेच आखूड शेपटीच्या मोठ्या वटवाघळाची जात कायमची नाहीशी झाली. दक्षिण बेटावरचा तिएके पक्षी वाचला, तो केवळ 36 पक्षी वेळेवर दुसऱ्या बेटांवर हलवल्यामुळे.

उंदीर, स्टोटचे कुळ आणि पॉसम यांना 2050 पर्यंत देशातून हद्दपार करण्याचे उद्दिष्ट सरकारने 2016 मध्ये जाहीर केले. त्या कामाचा मोठा भार गावोगावचे आणि उपनगरांतले स्वयंसेवक उचलतात. पुढील मार्गदर्शन अशा गटात नव्याने येणाऱ्यांसाठी, किंवा आपल्या परिसरातील लहानशा जंगलासाठी गट उभा करू पाहणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक वाटते: सापळा लावणे कोणालाही दोन तासांत शिकता येते, मात्र लावलेली ओळ पाऊसपाण्यात, सुट्ट्यांत आणि काहीच न सापडण्याच्या कंटाळवाण्या महिन्यांतही चालू ठेवणे हेच खरे काम आहे, आणि आखणी करताना प्रत्येक निर्णय त्याच कसोटीवर घ्यावा.

परवानगी आणि नकाशा

जमीन कोणाची आहे हे शोधून लेखी परवानगी घेतल्याशिवाय सापळ्याची एकही पेटी ठेवू नये. राखीव वनक्षेत्र असेल तर संवर्धन विभागाकडे, नगराचे उद्यान असेल तर स्थानिक कौन्सिलकडे जावे आणि त्या भूमीशी नाते असलेल्या माओरी इवीशी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीशी, सुरुवातीलाच बोलावे. नंतर कळवण्यापेक्षा आधी विचारणे सौजन्याचे असते आणि त्या लोकांकडून जंगलाची माहितीही पुष्कळ मिळते. बहुतेक प्रादेशिक कौन्सिले प्रशिक्षण देतात आणि पुष्कळदा सापळेही पुरवतात, त्यामुळे स्वतःचा पैसा खर्च करण्यापूर्वी तिथे चौकशी करावी.

त्यानंतर नकाशा काढावा. स्टोट दूरवर भटकणारा प्राणी असल्यामुळे त्याच्यासाठीच्या पेट्या साधारण 100 ते 200 मीटर अंतरावर ठेवल्या तरी पुरेशा होतात. उंदराचा वावर मात्र लहानशा टापूत असतो, म्हणून त्याच्यासाठी 100 मीटर अंतराच्या समांतर ओळी आणि प्रत्येक ओळीवर दर 50 मीटरला एक सापळा अशी जाळीदार मांडणी लागते. याचा अर्थ हेक्टरी दोन सापळे, म्हणजे 20 हेक्टरांच्या जंगलाला 40. हा हिशेब कागदावर मांडल्यावरच किती माणसे लागतील हे ध्यानात येते. चढउतार असलेल्या झाडीत एका माणसाने एका सकाळी वीस-पंचवीस पेट्या नीट तपासणे पुरेसे आहे असे माझे मत आहे. त्याहून अधिक दिल्या की शेवटच्या पेट्यांकडे दुर्लक्ष होते. माणसे कमी असतील तर क्षेत्र कमी करावे, सापळ्यांमधले अंतर वाढवू नये. विरळ सापळ्यांच्या मोठ्या जंगलात उंदीर सुखाने राहतात, तर दाट मांडणीच्या लहान जंगलात पक्ष्यांची पिल्ले निदान घरट्यातून उडून जाण्याइतकी मोठी होतात.

पेटी कुठे आणि कशी ठेवावी

स्टोट, उंदीर आणि हेजहॉग (काटेरी अंगाचा लहान प्राणी) यांच्यासाठी न्यूझीलंडमध्ये सर्रास वापरला जाणारा सापळा म्हणजे डॉक 200. फेरेटसाठी त्याचाच मोठा भाऊ डॉक 250 आहे. दोन्ही लाकडी पेटीत बसवलेले असतात आणि पेटीच्या तोंडाशी जाळी व आतमध्ये आडोसा असतो. हा आडोसा काही केल्या काढू नये, कारण कुतूहलाने चोच किंवा पाय आत घालणाऱ्या वेकासारख्या पक्ष्यांना तोच वाचवतो आणि आत येणारा प्राणी योग्य दिशेने, पाय पडताच सापळा सुटतो त्या पट्टीवर यावा, क्षणात मरावा, यासाठीही तो आवश्यक आहे. आपण जीव घेण्याचे काम करत आहोत आणि तो यातनेविना जावा ही जबाबदारी आपली आहे. म्हणूनच प्राणिकल्याणाच्या चाचणीत उतरलेलेच सापळे वापरावेत आणि गंजलेली स्प्रिंग किंवा जड झालेली पट्टी तशीच चालवून घेऊ नये.

जागा निवडताना प्राण्याच्या नजरेने पाहावे. स्टोट मोकळे मैदान टाळतो. ओढ्याचा काठ, डोंगराची धार, पायवाट, कुंपण, जंगल आणि कुरण यांची सीमा अशा रेषांना धरून तो चालतो. आडव्या पडलेल्या ओंडक्याजवळ किंवा दोन वाटा मिळतात तिथे ठेवलेली पेटी इतरत्र ठेवलेल्या पेटीपेक्षा अधिक उपयोगी पडते. पेटी सपाट जमिनीवर इतकी घट्ट बसवावी की हाताने दाबले तरी ती हलणार नाही, कारण पाय ठेवताच डगमगणाऱ्या वस्तूत कोणताही सावध प्राणी शिरत नाही. तोंडासमोरचा पालापाचोळा बाजूला करून मातीची छोटी मोकळी वाट करावी. नवीन लाकडाचा वास उंदरांना, विशेषतः नॉर्वे उंदरांना, बुजवतो. तेव्हा पेटी आठवडाभर सापळा न ताणता नुसते आमिष ठेवून राहू दिली तर तो वेळ वाया जात नाही.

पॉसमचे सापळे झाडाच्या खोडावर बसवतात. ज्या जंगलात किवी पक्षी आहे तिथे ते जमिनीपासून किमान 70 सेंटिमीटर उंच असावेत, एरवी किवीचा पाय किंवा चोच त्यात सापडू शकते. जिवंत पकडणारा पिंजरा लावायचा असेल तर कायद्याने तो रोज, सूर्योदयानंतर 12 तासांच्या आत, तपासावा लागतो; जो गट हे रोजचे बंधन पाळू शकत नाही त्याने पिंजऱ्याच्या वाटेला जाऊ नये. विषाचा प्रश्न तर वेगळाच आहे. ब्रोडिफॅकूमसारखे विष मेलेल्या उंदराच्या यकृतात राहते आणि तो उंदीर खाणाऱ्या घुबडाच्या पोटात जाते, शिवाय काही विषांसाठी स्वतंत्र परवाना लागतो, म्हणून हे काम प्रशिक्षित माणसांवर सोपवावे आणि आपण सापळ्यांपुरते राहावे.

आमिष, हात आणि बूट

उंदरांना शेंगदाण्याचे लोणी आवडते. स्टोटसाठी ताजे किंवा वाळवलेले सशाचे मांस आणि कोंबडीचे अखंड अंडे ठेवतात. अंडे थंडीत काही आठवडे टिकते आणि दिसायलाही उठून दिसते, मांस मात्र उन्हाळ्यात लवकर सडते आणि सडलेल्या मांसाकडे स्टोट फिरकत नाही. त्यामुळे महिन्याभराने येणाऱ्याने केवळ मांसावर भिस्त ठेवू नये. जुने आमिष पेटीजवळ फेकू नये, कारण बाहेर फुकट जेवण मिळाले की आत शिरण्याचे कारण उरत नाही.

डॉक सापळ्याची स्प्रिंग बोटाचे हाड मोडू शकते. ताणण्यासाठीचे अवजार वापरावे, ताणल्याबरोबर सुरक्षा खिटी अडकवावी, आमिष ठेवून झाल्यावर हात पूर्ण बाहेर असतानाच खिटी काढावी, आणि हा क्रम घाईच्या दिवशीही मोडू नये. हातमोजे नेहमी घालावेत. उंदीर आणि हेजहॉग यांच्यापासून लेप्टोस्पायरोसिससारखा गंभीर आजार होऊ शकतो. मृत प्राणी पेटीपासून दूर झुडपात टाकावा, आणि लोक कुत्रे फिरवतात अशा ठिकाणी तो जमिनीत पुरावा. जंगलात एकट्याने जायचे असेल तर मार्ग व परतण्याची वेळ घरी सांगून जावी, आणि मोबाइलची रेंज नसेल तिथे आपत्कालीन संदेश देणारा बीकन सोबत असावा.

उत्तरेकडील कौरी वृक्षांच्या जंगलात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. कौरीच्या मुळांना मारणारा रोगजंतू बुटांना चिकटलेल्या चिमूटभर मातीतूनही पसरतो, आणि त्याने ग्रासलेल्या झाडावर खात्रीचा उपाय नाही. म्हणून जाताना आणि येताना दोन्ही वेळा बुटांची माती घासून काढून जंतुनाशक फवारावे, आणि पेट्यांची ओळ मुळातच कौरीच्या पसाऱ्यापासून दूर आखावी. पक्षी वाचवण्यासाठी गेलेल्या माणसाच्या पायांनी झाड मरावे, याहून दुःखद काही नाही.

किती वेळा जावे

ओळ नवी असताना पहिले काही आठवडे दर चार-सहा दिवसांनी जावे, कारण दडलेली संख्या त्याच काळात बाहेर पडते आणि एक प्राणी अडकलेला सापळा दुसऱ्याच्या दृष्टीने बंद असतो. नंतर पंधरवड्याने गेले तरी चालते. मात्र दोन काळांत फेऱ्या पुन्हा वाढवाव्यात. पहिला काळ डिसेंबर आणि जानेवारीचा, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याचा: या वेळी स्टोटची त्या वर्षीची पिल्ले स्वतंत्र होऊन नवी जागा शोधत पांगतात. स्टोटच्या मादी पिल्लांचा संयोग ती घरट्यात असतानाच होऊन जातो आणि गर्भ पुढच्या वसंतापर्यंत सुप्त राहतो, त्यामुळे त्या उन्हाळ्यात पकडलेली एक तरुण मादी म्हणजे पुढच्या वर्षीचे अख्खे वेत थांबवणे होय. दुसरा काळ दरवर्षी येत नाही. बीच वृक्षांच्या जंगलात काही वर्षांच्या अंतराने बियांचा प्रचंड सडा पडतो. त्या बियांवर उंदरांची संख्या भडकते, उंदरांवर स्टोट पोसले जातात, आणि बिया रुजून किंवा कुजून संपल्या की ही सारी भूक घरट्यांकडे वळते. ज्या शरद ऋतूत बीचखाली पाऊल टाकताना बियांचा थर जाणवेल, त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात माणसे दुप्पट लागतील असे गृहीत धरूनच वेळापत्रक करावे.

नोंद आणि मोजमाप

नोंद त्याच जागी, पेटीसमोर उभे राहून करावी. सापळ्याचा क्रमांक, दिनांक, काय सापडले, आमिष खाल्ले होते का आणि सापळा चालू स्थितीत होता का, एवढे पुरते. ट्रॅप.एनझेड या मोबाइल ॲपवर हे थेट भरता येते. काही न सापडलेल्या पेटीचीही नोंद करावी, कारण शून्यच नसेल तर पेटी तपासली आणि रिकामी निघाली, की तपासलीच नाही, हे वर्षभराने कोणी सांगू शकत नाही.

अनेक गट मारलेल्या उंदरांचा आकडा फलकावर लिहितात आणि तो वाढला की समाधान मानतात. मला हे दिशाभूल करणारे वाटते. आपल्याला हवे आहे ते जंगलात किती उंदीर उरले हे, आणि ते सापळे सांगत नाहीत. त्यासाठी ट्रॅकिंग टनेल वापरतात: 50 मीटर अंतरावर दहा लांबट नळ्या, आत शाईची पट्टी व कागद, मध्यभागी शेंगदाण्याचे लोणी. एका रात्रीनंतर किती कागदांवर उंदरांच्या पावलांचे ठसे उमटले याची टक्केवारी काढावी, आणि हे वर्षातून चार वेळा, त्याच जागी करावे. पक्ष्यांना पिल्ले वाढवता यावीत म्हणून घरट्यांच्या हंगामात ही टक्केवारी 5 च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करतात. उंदीर घटल्यावर ठशांमध्ये घरउंदरांच्या, म्हणजे आकाराने खूप लहान अशा वेगळ्या जातीच्या उंदरांच्या, बारीक पावलांची संख्या वाढलेली दिसू शकते. तो मांडणीतला दोष नसून मोठा शत्रू गेल्याचा परिणाम असतो.

पक्ष्यांची मोजणी वेगळी करावी. किमान 200 मीटर अंतरावर ठरवलेल्या जागी पाच मिनिटे स्तब्ध उभे राहून ऐकू आलेला आणि दिसलेला प्रत्येक पक्षी लिहावा. दरवर्षी तोच महिना, तीच वेळ, वारा-पाऊस नसलेला दिवस, आणि शक्यतो तोच मोजणारा असावा, नाहीतर आकड्यातला बदल पक्ष्यांचा की माणसाच्या कानाचा हे कळत नाही. पहिली मोजणी सापळे लावण्यापूर्वीच करावी. हे बहुतेक गट विसरतात आणि मग सुधारणा दाखवायला आधार उरत नाही.

ओळ दुसऱ्याच्या हाती देताना

स्वयंसेवक बदलतात, कोणी गाव सोडते, कोणाचे गुडघे दुखू लागतात. म्हणून प्रत्येक ओळीला पहिल्यापासून दोन माणसे जोडावीत आणि वर्षातून एकदा तरी त्यांनी ओळींची अदलाबदल करावी, म्हणजे एकाच्या नजरेतून सुटलेली सैल खिटी किंवा हललेली पेटी दुसऱ्याला दिसते. सोडून जाणाऱ्याने नव्या माणसाबरोबर पूर्ण ओळ दोनदा चालावी: पहिल्यांदा स्वतः पुढे राहून, दुसऱ्यांदा मागे राहून, सापळा ताणण्यापासून नोंद करण्यापर्यंत सगळे त्यालाच करू देऊन. कोणत्या पेटीपाशी पावसात पाय घसरतो, कुठल्या वळणावर वेका घुटमळतो, कोणत्या ओंडक्यामागे दर जानेवारीत स्टोट सापडतो, हे ॲपच्या रकान्यात मावत नाही, तेव्हा ते त्याच दोन फेऱ्यांत सांगून वहीत लिहून द्यावे.