ऑपरेशननंतरचं कमी कार्बचं खाणं आणि महिन्याचं वाणसामान: या चुका टाळा

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून पुण्याहून चिपळूणला परत आले तेव्हा फाइलमध्ये डाएटचा एक छापील कागद होता. ग्रीक योगर्ट, टोफू, ॲव्होकॅडो, बदामाचं पीठ, ग्रिल्ड सामन. ऑपरेशनसाठी पतपेढीचं कर्ज काढलेलं, आणि कागदावरचं सामान भरायचं तर दुसरं काढावं लागलं असतं. सामन मागितला असता तर आमच्या कोळणीने मलाच पाटीवर बसवलं असतं.

माझी स्लीव्ह झाली. म्हणजे जठराचा पाऊण हिस्सा काढून टाकतात आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी राहते. याला चार वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. शाळेत क्लार्क आहे आणि घरचा हिशोब माझ्याकडे असतो, त्यामुळे पुढचं बरंचसं हिशोबाच्या वहीतून आलंय. पहिले सहा-आठ आठवडे, म्हणजे आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तसंच जायचं. मी बोलतेय ते त्यानंतरचं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डोस ठरवून घेतल्याशिवाय भात-पोळी एकदम कमी करू नका, साखर धाडकन खाली येते.

ऑपरेशननंतर तंगी दोन गोष्टींची असते, पैशाची आणि पोटातल्या जागेची. पहिली सगळ्यांना कळते. दुसरी कळायला मला सहा महिने आणि मूठभर गळलेले केस लागले. अर्ध्या वाटीत पोट भरतं, आणि दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन जायला हवं असं बहुतेक डॉक्टर सांगतात. ती अर्धी वाटी कशाने भरायची, एवढाच खरा प्रश्न असतो.

वरणाला प्रोटीन समजणं

ही माझी पहिली चूक, आणि ओळखीत ऑपरेशन झालेल्या जवळजवळ सगळ्यांची. "डाळ खातेस ना, मग झालं!" असं घरचे म्हणतात. आता हिशोब बघा. घरच्या एक वाटी वरणात डाळ असते २५-३० ग्रॅम. त्यातून प्रोटीन मिळतं ६-७ ग्रॅम आणि कार्ब, म्हणजे पिष्ट (स्टार्च) आणि साखर, त्याच्या अडीचपट. साठ ग्रॅम नुसत्या वरणातून आणायचे तर नऊ वाट्या लागतील. इथे अर्धी जाताना मारामार.

कुळथाच्या पिठीचंही तेच. पिठी आमचा जीव की प्राण, पण कुळीथ असो, बेसन असो की सत्तू, शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन वीसच्या आसपास आणि कार्ब साठीला टेकलेले. डाळी-कडधान्यं बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, स्वस्तात पोषण दुसरं कुठे मिळणार? फक्त त्यांचा नंबर दुसरा. आधी अंडं, मासा, चक्का, पनीर किंवा सोया. मग जागा उरली तर घट्ट वरण. आणि खरंच घट्ट. मी घरच्यांसाठी वरण फोडणीला टाकायच्या आधी तळाची घोटलेली डाळ दोन डाव काढून घेते, पाणी नंतर वाढवते. वेगळा स्वयंपाक नाही, वेगळा गॅस नाही.

भाकरी चालते म्हणून भाकरी

ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्यं चांगलीच आहेत. नाचणीत कॅल्शियम आहे, सगळ्यांत तंतू आहेत. पण ती कमी कार्बची नाहीत. तांदळात शंभर ग्रॅमला ७८ च्या आसपास कार्ब, तर या तिघांत ६५ ते ७२. एका मध्यम भाकरीत पस्तीसेक ग्रॅम सहज. दुकानातल्या 'डायबेटिक' आट्याचं आणि 'शुगर फ्री' बिस्किटांचं गणित तर याहून वाईट, कारण त्यांचे पैसेही जास्त. मी चतकोर भाकरी खाते, तीही शेवटी, कालवणात मऊ करून. कोरडी भाकरी पहिल्या वर्षात घशाखाली अशी अडकायची की मोरीकडे धावावं लागायचं.

रुपयाचा हिशोब न करता पावडर घेणं

पातळ आहाराच्या आठवड्यांत प्रोटीन पावडर लागते, तिथे काटकसर नको. गंमत पुढे होते. सवय लागते, डबा संपला की डबा येतो. एका रविवारी वही काढून बसले आणि एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं ते लिहिलं. आमच्याकडच्या भावाने सुट्या सोया चंक्सचं तीस पैशांच्या आसपास पडलं. अंड्याचं रुपयापेक्षा थोडं वर. दुधाचं आणि पनीरचं दोन रुपयांच्या आगेमागे. चांगल्या व्हे पावडरचं (दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची भुकटी) तीन-चार रुपये. तुमच्या बाजारात आकडे हलतील, क्रम फारसा हलणार नाही.

औषधाच्या दुकानात मिळणारी 'प्रोटीन' लिहिलेली स्वस्त पेयं हा आणखी एक सापळा. डबा उलटा करून घटक वाचा. जे सर्वांत जास्त असतं ते सर्वांत आधी लिहिलेलं असतं. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली भुकटी, तीही कार्बच) दिसलं की डबा परत फळीवर.

सोया चंक्सबद्दल दोन सूचना. गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, खिम्यासारखे बारीक करा, अख्खा गोळा अडकतो. आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया आणि गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा.

पनीर सुटं आणि संशयास्पद स्वस्त मिळत असेल तर तुकडा पाण्यात उकळून, गार करून टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर त्यात पिष्ट आहे, म्हणजे पनीरच्या भावाने कार्ब घेताय. मी घरीच करते. लिटरभर म्हशीच्या दुधाचं साधारण दोनशे ग्रॅम होतं, उरलेल्या पाण्यात कणीक मळायची. त्याहून सोपा चक्का. रात्री दही फडक्यात टांगायचं, सकाळी जिरं-मीठ घालून खायचा. ग्रीक योगर्ट म्हणून जे विकतात त्याची ही आपली थोरली बहीण, फक्त श्रीखंडाची साखर वगळायची. दुधाने पोट बिघडत असेल, आणि ऑपरेशननंतर काहींचं बिघडतं, तर दही-चक्का बहुतेकदा सोसतो.

महागडा मासा शोधत बसणं

सुरमई-पापलेटची गरजच नाही. तारली आणि बांगडा हे सामनसारखेच तेलकट मासे, आणि शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रोटीन. रवा किंवा तांदळाचं पीठ लावून तळलात की मात्र कार्बही आले आणि तेलही. बांगडा तिरफळं घालून, तारली कोकम घालून कुकरमध्ये. जास्त वेळ ठेवली तर तारलीचे बारीक काटेही मऊ होतात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत भाव चढतात, तेव्हा आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरलेला जवळा आणि सुके बोंबील कामाला येतात. जवळा आधी कोरडाच भाजायचा, मग दोन-तीन पाण्यांतून धुवायचा. वाळू जाते, मीठही बरंच उतरतं. रक्तदाब असेल तर तरीही बेताने.

माझा साधा दिवस असा असतो: दोन अंडी १२ ग्रॅम, शंभर ग्रॅम चक्का ९, तारलीचं मांस १८, वीस ग्रॅम सुके सोया चंक्स १०, पेलाभर दूध ७, अर्धी वाटी वरण ३. बेरीज ५९. एका ग्रॅमसाठी मी झोप घालवत नाही. उकडलेलं अंडं सुरुवातीला कोरडं लागून बसतं, तेव्हा दुधाचा हबका मारून मऊ भुर्जी करा.

गोळ्यांवर पैसे वाचवणं

सहा महिन्यांनी "आता बरं वाटतंय" म्हणून मी जीवनसत्त्वांच्या आणि लोहाच्या गोळ्या थांबवल्या. लोह घसरलं, जिना चढताना धाप लागायला लागली. वाचवलेल्या पैशांहून जास्त पैसे रक्ततपासणीत आणि सलाइनमधून लोह घेण्यात गेले. बी-१२, लोह, डी, कॅल्शियम हे आता कायमचे सोबती. कॅल्शियमचा सायट्रेट हा प्रकार बहुतेकांना सांगतात, कारण त्याला जठरातल्या आम्लाची फारशी गरज लागत नाही. दुकानदार "एकच आहे हो" म्हणत कार्बोनेट देत असेल तर घेऊ नका. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तास अंतर. लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच, गोळी गेली वाया. डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रात चौकशी करा, निदान काही गोळ्यांचा खर्च खाली येतो.

उपवास

इथे घरचं राजकारण सुरू होतं. पहिल्या आषाढीला सासूबाई म्हणाल्या, "अगं, वाटीभरच खिचडी, देवाचं आहे." खाल्ली. वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात कळ, आणि मग मी थेट अंथरुणात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट: शंभर ग्रॅममध्ये कार्ब ८८, प्रोटीन नावालाही नाही. बटाटा जोडीला असतोच. वरीचे तांदूळ जरा बरे, पण तेही धान्यच, पिष्ट त्यातही भरपूर.

पुढच्या एकादशीला मी दही, चक्का, पनीर आणि थोडं दाण्याचं कूट यांवर राहिले. दाण्यात प्रोटीन आहे तसं तेलही भरपूर आहे, म्हणून मूठ नाही, दोन चमचे. सासूबाईंनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग स्वतःच माझ्यासाठी दही लावायला लागल्या. निर्जळी मात्र कुणाच्याही आग्रहाने नको. आपल्याला एका दमात तांब्याभर पाणी पिता येत नाही, त्यामुळे दिवसभराची तूट संध्याकाळी भरून निघत नाही.

काहीतरी बिघडलंय, पण काय?

खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब: गोड किंवा पिष्ट फार लवकर आतड्यात उतरलं. बायपासवाल्यांना (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून आतड्याला वळसा देतात ते वजनाचं दुसरं ऑपरेशन) हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही चुकत नाही. उसाचा रस, कोल्ड्रिंक, चहाची साखर, पिकलेला हापूस, कोणीही गुन्हेगार असू शकतो.

एक ते तीन तासांनी थरथर, डोळ्यांपुढे अंधारी: साखर आधी चढून मग खाली पडली. त्या क्षणी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे साखर घ्यावीच लागते, पण मागोमाग चक्का किंवा अंडं खा, नाहीतर तेच चक्र पुन्हा. वारंवार होत असेल तर काय खाल्लं आणि किती वाजता, हे लिहून दाखवा.

घास अडकतो: घाई झाली, घास मोठा होता किंवा जेवताना पाणी प्यायलात. जेवणाबरोबर पाणी, ताक, सोलकढी काही नाही. नंतरही अर्धा तास थांबा, मधल्या वेळात घोट घोट. मी जेवायला चहाचा चमचा वापरते आणि बशीत वाढून घेते.

तीन ते सहा महिन्यांत केस गळणं: झपाट्याने वजन उतरल्यावर पुष्कळांचे गळतात आणि परत येतात. तोवर महागडी तेलं घेऊ नका, प्रोटीन आणि लोह तपासा.

वजन थांबलं: ताटातलं नंतर, आधी डबे तपासा. चिवडा, फरसाण, खारी, चहाबरोबरची दोन बिस्किटं. पोळी अडकते, पण चिवडा कितीही उतरतो, कारण तोंडात विरघळून तो नळीतून सरळ खाली जातो. मी वर्षभरात गमावलेल्या वजनातलं चार किलो दिवाळीच्या एका महिन्यात परत कमावलं, आणि दोन वेळचं जेवण तेव्हाही अर्धी वाटीच होतं. याच्या उलट टोकाला जाऊन कॉफीत तूप आणि मुठी-मुठीने काजू खाणारेही आहेत. कार्ब कमी झाले हे खरं, वजनाने मात्र ते ऐकलं नाही.

शौचाला होत नाही: पाणी कमी पडतंय आणि भाजी गायब झालीय. दुधी, पडवळ, घोसाळं, मऊ शिजवलेली माठाची भाजी. स्वस्त, कार्ब नगण्य.

उलट्या थांबत नाहीत, पाणीसुद्धा टिकत नाही, पोटात जोराचं दुखतंय, ताप आहे, शौच काळं होतंय, किंवा हातापायांना मुंग्या येऊन तोल जातोय, तर घरगुती उपाय करत बसू नका. सतत उलट्या झाल्या की बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना. दुखतंय म्हणून मनाने पेनकिलरही घ्यायची नाही, बायपासवाल्यांनी तर नाहीच.

लग्नाच्या पंगतीत मी आता शेवटच्या रांगेत बसते. वाढपी पोचेपर्यंत जिलबी बहुतेक संपलेली असते. मठ्ठा मी पेल्यात घेऊन ठेवते आणि अर्ध्या तासाने, मांडवाबाहेर, चपला शोधता शोधता पिते.