क्रूझर मोटरसायकलला फेअरिंग बसवताना
फेअरिंग, म्हणजे पुढचं वारा अडवणारं प्लास्टिकचं कवच, मागवण्याआधी फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) नळीचा व्यास व्हर्नियर मोजपट्टीने मोजा. मी अंदाजाने फेअरिंग नळीला धरणारे ४१ मिमीचे क्लॅम्प आणले, नळी निघाली ३९ची. रबर गुंडाळून भागवलं, आणि पहिल्याच खड्ड्यात फेअरिंग घसरून हेडलाइटवर टेकलं.

क्लॅम्प आधी हातानेच आवळा. मग हँडल दोन्हीकडे पार टोकापर्यंत वळवा: क्लच केबल ताणते का, ब्रेकचा पाइप घासतो का, फेअरिंगची कड टाकीला लागते का? पुढचा ब्रेक धरून सस्पेन्शनही दाबून बघा. मडगार्ड वर येऊन फेअरिंगला भिडता कामा नये. यात माझा अर्धा दिवस गेला, पण गेला तो बरा.

बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. प्लास्टिकखाली रबरी वायसर हवाच, नाहीतर भोकापासून तडा जातो. १०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना फिरवा.