क्लँगच्या मॅन पेजमध्ये बदल करायचाय? आधी बरोबर फाईल शोधा

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंगवाल्या पोरांपैकी कोणीतरी दर चवथीच्या सुट्टीत विचारतंच, ओपन सोर्समध्ये पहिलं काम काय करू, आणि मी सांगतो की क्लँग या सी-सी++ कंपायलरचं डॉक्युमेंटेशन घे, पण आधी कुठली फाईल ते बघ.

क्लँगच्या कमांडला लावायच्या ऑप्शन्सची, म्हणजे फ्लॅगची, जी लांबलचक रेफरन्स यादी वेबसाईटवर दिसते ना, ती कोणी हाताने लिहिलेली नाही, ती ऑप्शन्स डॉट टीडी या फाईलमधून टेबलजेन नावाचं टूल तयार करतं. त्यामुळे तिथलं वाक्य बदलायचं तर टीडी फाईलमध्येच त्या ऑप्शनचा हेल्पटेक्स्ट किंवा डॉकब्रीफ, म्हणजे वर्णनाचा मजकूर, बदलायचा. मॅन पेज, म्हणजे टर्मिनलवर मॅन कमांडने उघडतं ते माहितीचं पान, मात्र हाताने लिहिलेलं आहे, डॉक्स फोल्डरातल्या कमांडगाईडमध्ये क्लँग डॉट आरएसटी, ते वेगळं अपडेट करावं लागतं, आणि नेमकं तेच सगळे विसरतात.

लिहिण्याआधी कंपायलरलाच विचारा, जुन्या पानावर विश्वास ठेवू नका. समजा डिफॉल्ट सी स्टँडर्ड, म्हणजे काही न सांगता क्लँग सी भाषेची कुठली आवृत्ती धरतं, ते लिहायचंय. क्लँगच्या ११व्या व्हर्जनमध्ये ते जीएनयू११ वरून जीएनयू१७, म्हणजे सी१७ अधिक जीएनयूच्या जादा सोयी, असं झालं. रिकामी सी फाईल घेऊन प्रीप्रोसेसरकडून सगळे मॅक्रो छापून घ्या, त्यात एसटीडीसी व्हर्जनवाला मॅक्रो २०१७१० दाखवत असेल तर सी१७ चालू आहे, विषय संपला. आणि ड्रायव्हर, म्हणजे आपण चालवतो ती क्लँग कमांड, आतल्या फ्रंट एंडला, म्हणजे खरा कोड वाचणाऱ्या सीसी१ ला, काय काय पाठवतो ते बघायचं तर कमांडला डॅश आणि तीन हॅश लावा, काहीही न चालवता पूर्ण कमांड छापून देतो. सीसी१ चे ऑप्शन मॅन पेजवर टाकू नका, ते साध्या युजरसाठी नाहीत.

आता आरएसटी, म्हणजे मॅन पेजची ती फाईल लिहायची पद्धत. दोन टिंबं, स्पेस, ऑप्शन हा शब्द, दोन कोलन, मग फ्लॅग, मग एक ओळ रिकामी, आणि त्याखाली वर्णन थोडं आत सरकवून. ती रिकामी ओळ राहिली तर वर्णन फ्लॅगच्या नावातच जाऊन बसतं, आणि आरएसटीतून पान बनवणारं स्फिंक्स वॉर्निंग देईलच असं नाही, म्हणून पान डोळ्यांनी बघायचंच.

ते बघायला पूर्ण कंपायलर बिल्ड करायची गरज नाही, आमच्या फोंड्याला पावसात लाईट कधी जाईल नेम नसतो, कोण एवढा वेळ बसणार! बिल्डची मांडणी करणाऱ्या सीमेकमध्ये स्फिंक्स आणि त्याचं मॅन आउटपुट ऑन करा, बिल्ड चालवणाऱ्या निंजाला डॉक्स-क्लँग-मॅन हे टार्गेट द्या, तयार झालेली फाईल मॅन कमांडने उघडा.

मग गिटहबवर पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल घ्या अशी विनंती, टाका, टायटलच्या सुरुवातीला चौकोनी कंसात क्लँग आणि डॉक्स. एका रिक्वेस्टमध्ये एकच विषय ठेवा, जाता जाता दिसलेल्या स्पेलिंगच्या चुका त्यात कोंबू नका, रिव्ह्यू करणारा वैतागतो.