जाळे सांधताना या चुका टाळा : पाळक आणि धर्मगुरूंच्या प्रगत प्रशिक्षणाविषयी

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर सेवा करणारे फादर असोत वा पाळक, दहा-पंधरा वर्षांच्या सेवेनंतर त्यांना उपदेश कसा तयार करावा हे कोणी शिकवावे लागत नाही. त्यांचे अडते ते दुसरीकडे. मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, फूट पडली, हिशेबावरून दोन घरे बोलेनाशी झाली, कोणाचे नाव विनाकारण बदनाम झाले किंवा खुद्द पाळकाच्याच हातून कोणी दुखावले गेले, तर तुटलेले पुन्हा कसे जोडावे, हा खरा प्रश्न असतो. त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या प्रगत वर्गांत मी आधी शिकणारा म्हणून बसलो आणि आता काही वर्षे ते चालवण्यात हातभार लावतो. अनुभवी माणसांच्या चुका आत्मविश्वासातून होतात, म्हणूनच त्या उशिरा ध्यानात येतात.

ताळ्यावर आणणे म्हणजे सांधणे नव्हे

बायबलमधील गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, अपराधात सापडलेल्या माणसाला सौम्य वृत्तीने ‘ताळ्यावर आणा’ असे आपण प्रचलित मराठी भाषांतरात वाचतो. मराठी कानाला त्यात दटावणी ऐकू येते आणि ‘सौम्य वृत्तीने’ हे शब्द मागे पडतात. मूळ ग्रीक क्रियापद ‘कतार्तिझो’, म्हणजे नीट करणे, सांधणे, हे आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात याकोब आणि योहान हे मासे धरणारे भाऊ तारवात बसून जाळी नीट करत होते, तिथेही तेच क्रियापद आले आहे.

हे काम पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत पडवीत जाळे पसरून बसलेला माणूस लगेच सुई उचलत नाही. तो जाळे मांडीवरून पुढे ओढत एकेक गाठ बोटांनी चाचपतो, फाटलेल्या जागेच्या कडेचे झिजलेले धागे आधी कापून टाकतो, त्यामुळे भोक आणखी मोठे दिसू लागते, आणि मग शाबूत गाठ सापडेल तिथून विणायला घेतो. आपल्या वर्गात सर्वाधिक घाई होते ती याच टप्प्यावर. भोक मोठे झालेले कोणालाच पाहवत नाही.

माझ्याकडून ही चूक झाली ती एका मंडळीत. नाताळच्या वर्गणीत तफावत असल्याची कुजबुज सुरू झाली आणि संशय वर्गणी सांभाळणाऱ्या बाईंवर आला. पुढे हिशेब तपासला, तेव्हा पैसा न पैसा जुळला; चूक बेरजेची होती, आणि ती केली होती कुजबुज सुरू करणाऱ्या पदाधिकाऱ्यानेच. मी पुढच्याच रविवारी उपासनेत दोघांना समोर बोलावले, त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले आणि प्रार्थना केली. मंडळीने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर बाई उपासनेला येईनाशा झाल्या. दीड महिन्याने मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या पायरीवर बसून सुपात जवळा निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, माझा हात तुम्ही त्यांच्या हातात दिलात. माझं नाव मला कधी परत दिलंत?”

मी सांत्वन केले होते ते स्वतःचे आणि मंडळीचे. ज्यांचे नुकसान झाले होते, त्यांना काय हवे हे मी विचारलेसुद्धा नव्हते. म्हणून वर्गात कोणतेही प्रकरण हाती घेतले, की तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत : कोणाला इजा झाली, त्यांना आता कशाची गरज आहे, आणि ती भागवण्याची जबाबदारी कोणाची आहे. क्षमा मागायची की नाही, ती कुठे आणि कोणासमोर, हे त्यानंतर येते. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील जकातदार जक्कय हेच करतो. तो नुसता पस्तावा व्यक्त करत नाही, तर ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत देईन, असे सर्वांदेखत सांगतो.

प्रामाणिकपणाच्या नावाखाली ओझे उतरवणे

नेत्याने खरेपणाने वागावे, हे ऐकून काही सहभागी उपदेशपीठावरूनच स्वतःच्या सगळ्या जखमा उघड्या करू लागतात. मग आजारी, कर्जबाजारी, थकलेली माणसे उलट पाळकालाच धीर देत बसतात. आपल्या चुकीची कबुली जिच्या बाबतीत ती चूक झाली त्या व्यक्तीपाशी स्पष्ट शब्दांत द्यावी. मनातील खळबळ मात्र वडीलधाऱ्या सहसेवकापाशी किंवा आत्मिक मार्गदर्शकापाशी न्यावी.

वर्गात स्वतःचेच प्रकरण लिहून आणायला सांगावे, कारण दुसऱ्यांच्या चुका सांगताना आपण सगळेच फार शहाणे असतो. मात्र नुसती नावे बदलून भागत नाही. किनाऱ्यावरचा ख्रिस्ती समाज लहान आणि सोयरिकींनी बांधलेला आहे. वाडी, होडी किंवा मुंबईला नोकरीला असलेला मुलगा, एवढ्या खुणेवरून घर ओळखले जाते. तपशील त्या बेताने बदलावेत.

जिथे सांधण्याचा प्रयत्नच करू नये

नको तिथे सांधायला जाण्याची चूक सर्वांत घातक आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण समेटाच्या बैठकीत आणता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा तो घडण्याची भीती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि न कळवणे हाही कलम २१ खाली शिक्षेस पात्र गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा आहे : दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते, त्याहून लहान संस्थेतील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. धर्मग्रामाची (पॅरिशची) शाळा किंवा मंडळीचे वसतिगृह याला अपवाद नाही.

कॅथलिक सहभागी इथे पापनिवेदनाच्या, म्हणजे धर्मगुरूपाशी दिलेल्या पापांच्या कबुलीच्या, गुपिताचा प्रश्न काढतात आणि तो रास्त आहे. ते गुपित धर्मगुरूला मोडता येत नाही. पण प्रशिक्षणाची बैठक म्हणजे पापनिवेदन नव्हे. त्यामुळे ‘इथले काहीच बाहेर जाणार नाही’ असे सरसकट वचन चालकाने देऊ नये; मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाल्यास तो बाहेर कळवावा लागेल, हे पहिल्याच तासाला सांगावे.

ज्या वादात पाळक स्वतः एक बाजू आहे, त्यात त्यानेच मध्यस्थी करू नये. शेजारच्या धर्मग्रामातून किंवा मंडळीतून दुसरा कोणी बोलवावा.

क्षमा आणि पद एकत्र बांधणे

पतन पावलेल्या सेवकाला क्षमा मिळाली म्हणजे तो पुढच्या महिन्यात उपदेशपीठावर उभा राहील, हे गृहीत धरणे चुकीचे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य पेत्र आपण येशूचे असल्याचे नाकारतो तो कोळशांच्या विस्तवापाशी, आणि शेवटच्या अध्यायात किनाऱ्यावर प्रभू त्याला भेटतो तिथेही कोळशांचाच विस्तव पेटलेला असतो. आधी न्याहारी होते. मग जितक्या वेळा नाकारले तितक्या वेळा, म्हणजे तीनदा, प्रश्न विचारला जातो, आणि तिसऱ्यांदा पेत्र दुःखी होतो. मेंढरे, म्हणजे मंडळीतील माणसे, सोपवली जातात ती त्या दुःखाला वळसा न घालता. काहींच्या बाबतीत मात्र पूर्ण क्षमेनंतरही जुने पद परत न देणे हेच मेंढरांच्या हिताचे असते.

वर्ग संपल्यावर

तीन दिवसांचे निवासी शिबिर झाले, प्रमाणपत्रे वाटली आणि सगळे पांगले, की शिकलेले विरून जाते. निघण्यापूर्वीच पुढील भेटीची तारीख ठरवावी आणि प्रत्येकाने एकाच प्रकरणाचे काम सोबत न्यावे. कोळीवाड्यांत सेवा करणाऱ्यांना अशा भेटीगाठींसाठी बंदीचे दोन महिने सोयीचे पडतात, कारण तेव्हा पुरुषमंडळी समुद्रावर नसतात.

माझ्या वाट्याचे प्रकरण अर्थातच त्या बाईंचे होते. मी पुन्हा त्यांच्या पायरीवर जाऊन त्यांना काय हवे ते विचारले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, ज्या जागेवरून मी दोघांचे हात जुळवले होते त्याच जागेवरून त्या पदाधिकाऱ्याने पूर्ण हिशेब वाचून दाखवला आणि बेरजेतली चूक स्वतःची असल्याचे सांगितले. बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, आशीर्वचनाआधीच उठून गेल्या. त्यानंतरच्या रविवारपासून त्या येतात. वर्गणीचे काम त्यांनी पुन्हा घेतलेले नाही, आणि मी त्यांना ते विचारलेलेही नाही.