जाता येत नसेल तेव्हा: स्थलांतरितांचा अभ्यास फोनवरून कसा करावा

प्रवासबंदीच्या काळात सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांशी किंवा विडी वळणाऱ्या बायकांशी बोलायचं, तर सुरुवात नंबर मिळवण्यापासून होते. पहिल्याच माणसाकडून दहा नंबर घेऊ नका. ते दहाही एकाच कारखान्याचे नि एकाच गावचे निघतात. एकाकडून जास्तीत जास्त दोन घ्या, आणि सुरुवात तीन ठिकाणांहून करा: कारखाना, विड्या जमा करण्याचं केंद्र, रिचार्जचं दुकान.

फोन लागला की आधी विचारा, स्पीकर चालू आहे का, जवळ कोण बसलंय. बऱ्याच घरांत नंबर मुलाच्या नावाचा असतो. नवरा शेजारी असताना मजुरी किती मिळते हे विचारलं, तर उत्तर नवऱ्याला ऐकवण्यासाठी येतं. ‘चहा ठेवते’ म्हटलं की विषय बदलायचा, अशी खूण आधीच ठरवून घ्या. संमती तोंडी घ्या, पण तिचं रेकॉर्डिंग मुलाखतीपासून वेगळं ठेवा.

मागाच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून पाळी सुटल्यावरच बोला. विडी वळणारीचे हात रिकामे नसतात, ती स्पीकरवरच बोलणार. फोन सुपाला टेकलेला असेल तर तेंदूची पानं कापणाऱ्या कात्रीचा आवाज शब्दांवर चढतो. फोन हातभर लांब, घडी घातलेल्या कापडावर ठेवायला सांगा.

आठवणींपेक्षा फोनमधलं काय उरलंय ते विचारा. टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वे १ मे २०२० पासून सुटू लागल्या. ‘गाडी सुटणार हे कुठल्या ग्रुपवर कळलं? तो मेसेज अजून आहे का?’ असं विचारलं की माणूस मागे स्क्रोल करत बोलू लागतो, नि अफवा, तिकिटाचे पैसे, गावच्या वेशीवरची अडवणूक, सगळं क्रमाने येतं. मात्र ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट करून घेऊ नका. बाकीच्यांनी तुम्हाला होकार दिलेला नसतो. सांगणाऱ्याने नावं झाकलेला स्क्रीनशॉट पुरेसा आहे.

व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज मुलाखतीइतकेच कामाचे, पण अँड्रॉइडवर फाइलच्या नावात तारीख असते, पाठवणाऱ्याचं नाव नसतं. एका दिवशी चौघांचे आले की सरमिसळ झालीच. त्याच रात्री फाइलला सांकेतिक क्रमांक द्या, नावांची यादी दुसरीकडे ठेवा. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय नोव्हेंबर २०२० पासून आहे. ती चालू आहे का, आधी बघा.

व्हिडिओंवर भरवसा त्याहून कमी. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि कामगारांनी टाकलेले व्हिडिओ बघायचीच सोय गेली. म्हणून दिसेल त्या दिवशीच तारीख, भाषा नि दृश्य वहीत उतरवा. गॅलरीतल्या प्रतीवर खात्याचं नाव छापलेलं असतं, ते झाका.

बोलणं तेलुगू-मराठी मिश्र असतं. आपोआप लिहून देणारी ॲप्स तिथे गोंधळतात, तेव्हा लिहायला पूर्व भागातलाच माणूस घ्या. रिचार्जचे पैसे बोलण्याआधी भरा. आणि बटणाचा फोन असलेले किंवा फोनच नसलेले किती जण वगळले गेले, ते रोज वहीच्या शेवटच्या पानावर मांडत जा.